छज्ज्याखालची माती

पहाटेच्या झोपेत मला कुणीतरी बोलताना ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. खिडकीबाहेर, मागच्या बाजूला, अगदी हळू आवाजात बोलणं चालायचं. मध्येच थांबायचं, समोरच्याला बोलायला जागा द्यावी तसं, आणि पुन्हा सुरू व्हायचं. मी कूस बदलायचे, चादर कानावर ओढायचे आणि त्या बोलण्याच्या आधाराने परत झोपेत उतरायचे.

हे बोलणं मला ओळखीचं होतं. लहानपणी परळच्या चाळीत आमची एकच खोली होती आणि बाबा गिरणीत होते. त्यांची पहिली पाळी असली की आई-बाबा अंधारातच उठायचे, स्टोव्हपाशी चहा घेत बसायचे. दिवसभरात जे काही सांगायचं ते सगळं बाबा तेवढ्या वेळात आईला सांगून टाकत. "आयकलंस गो?" ही प्रत्येक गोष्टीची सुरुवात. मग साच्यावर, म्हणजे मागावर, कुणाचं बोट सापडलं, मुकादम कुणावर डाफरला, गावाहून आलेल्या माणसाने काय निरोप आणला, सगळं यायचं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला की आई म्हणायची, "हळू बोला, चेडू झोपलाहा." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. चेडू काही झोपलेलं नसायचं. डोळे मिटून, चहाचा वास घेत, गिरणीतली सगळी भांडणं ऐकत पडलेलं असायचं.

आता मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. लग्न केलं नाही, त्याची खंतही नाही. चाळ पडली, गिरणी गेली, आईला जाऊन दोन पावसाळे झाले. त्यामुळे पहाटेचं ते बोलणं म्हणजे आई गेल्यापासून मला पडणारं स्वप्न आहे, असं मी धरून चालले होते. उठून बघायला मी कधी गेले नाही. चांगलं स्वप्न हाताने मोडणारी मी नव्हे.

आम्ही विक्रोळी पूर्वेला राहतो, तळमजल्यावर. तीन मजल्यांची जुनी बिल्डिंग आहे आणि तिच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मातीचा एक पट्टा आहे. तळमजल्यावरच्या प्रत्येक घराच्या वाट्याला त्याचा एकेक तुकडा आला. लोकांनी त्यात पत्र्याच्या शेड घातल्या, वॉशिंग मशिनी ठेवल्या, लाद्या बसवल्या. आमच्याकडे तेवढी माती शिल्लक राहिली, कारण आमच्याकडे आई होती. तिने गावाहून, मालवणहून, एसटीच्या टपावर टाकून केळीचे मुनवे आणले, पिशवीतून अळूचे कंद आणले, कढीपत्ता लावला, अबोली लावली. खाडी इथून जवळ आहे. भरतीच्या वेळी तिवरांचा ओला खारट वास थेट मागच्या दाराशी येऊन उभा राहतो. सकाळी ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं की केळीच्या पानातून हिरवा उजेड गळतो आणि मागची अख्खी खोली थोडा वेळ पाण्याखाली असल्यासारखी वाटते. साकीनाक्याला लेबलं छापणाऱ्या एका कारखान्याचं ऑफिस मी सांभाळते. दिवसभर नाकात शाईचा वास असतो. म्हणून निघायच्या आधी त्या हिरव्या उजेडात घटकाभर उभं राहिल्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडत नाही.

मागच्या दाराच्या डाव्या हाताला वरच्या मजल्याचा छज्जा पुढे आलेला आहे. त्याच्याखाली पाऊस पोचत नाही आणि ऊनही फारसं येत नाही. तिथे काही लागत नाही. आईने एकदा आलं लावून बघितलं, मग नाद सोडला. बाबांनी मात्र सोडला नाही. रोज सकाळी अनवाणी उकिडवे बसून ते खुरपीने नेमकी तिथलीच माती हलवत बसायचे. ढेकूळ फोडायचे, खडा दिसला तर बाजूला टाकायचे. बाकीच्या झाडांना तण वेढून राहिलेलं असायचं, पण छज्ज्याखालची माती चाळलेल्या पिठासारखी असायची.

"बाबा, तिथे काय उगवणार आहे?" मी विचारायचे. ते नुसती मान हलवायचे. त्या मानेचा अर्थ हो की नाही, ते कळायचं नाही.

कारण बाबांचं बोलणं बंद झालं होतं. आई गेली त्या दिवशी ते सगळ्यांशी नीट बोलले, कुणाला चहा मिळाला, कुणाला नाही, तेही विचारलं. मग एकेक करून शब्द कमी होत गेले. आधी फोनवर बोलेनासे झाले, मग बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांशी, मग माझ्याशी. भूक लागली का, तर मान. पंखा लावू का, तर हात. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की तसा आजार काही नाही, पण यांना बोलतं ठेवा. या वयात वापरले नाहीत तर शब्द सापडेनासे होतात, मग आणायचे म्हटले तरी येत नाहीत. माझ्या बापाकडे दुसरं होतं काय? जमीन भावकीत गेली, गिरणी बंद पडली. उरलं होतं ते एवढं बोलणं.

मी काय काय केलं म्हणून सांगू. गावच्या काकांना फोन लावून बाबांच्या कानाला धरला. टीव्हीवर भजनं लावली. ऑफिसातून आल्यावर मुद्दाम समोर बसून गिरणीबद्दल विचारलं, म्हणजे मुलाखत घ्यावी तसंच की ते. बाबा माझ्याकडे मायेने बघत आणि गप्प राहत. शेवटी मीच दमून टीव्ही बंद करायचे.

आणि या सगळ्यात त्या मांजरांनी माझ्या नाकी नऊ आणले होते.

मांजरं शेजारणीची. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर आहे. ती पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स आहे, माहेर-सासर दोन्ही बुलढाण्याकडचं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण बोलायला माझ्या वरताण. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडची खीर आमच्याकडे येते, गणपतीत आमचे मोदक तिकडे जातात आणि मधल्या काळात आम्ही मांजरांवरून भांडतो. एक पिवळा बोका, एक करडी मांजर आणि तिची तिरंगी लेक. जेवायला-झोपायला तिच्याकडे, आणि बाकीच्या कामाला आमच्याकडे. तिने स्कूटर ठेवायला आपल्या तुकड्यात लाद्या घातलेल्या. लादीवर मांजर कसं बसणार? दोघींच्या मध्ये कमरेएवढं तगरीचं कुंपण आहे, ते ओलांडून तिघंही यायची आणि थेट छज्ज्याखालच्या मऊ मातीत आपला कार्यभाग उरकून, वर नीट माती लोटून, भिंतीवर जाऊन अंग चाटत बसायची.

वास यायचाच. पण वासाचं मी सोसलं असतं. बाबांना साखर आहे. अनवाणी चालायचं नाही, हातापायाला जखम होऊ द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि हा माणूस उघड्या हातांनी त्या मातीत. घाण निघाली तर ते शांतपणे खुरपीने उचलायचे, केळीच्या बुंध्यात पुरायचे, हात झटकायचे आणि पुन्हा माती मऊ करायला बसायचे. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी दार उघडून हाकारा घातला की तिन्ही मांजरं पसार. मला बघितलं की ती थांबायचीच नाहीत. माझा आवाज त्यांना चांगला पाठ झाला होता.

कुणी काय सुचवलं ते सगळं केलं. संत्र्याच्या साली टाकल्या. लिंबाच्या काटेरी फांद्या रोवल्या, त्या बाबांनी सकाळी हळूच उपटून भिंतीला टेकवून ठेवल्या. मिरपूड टाकली, ती वाऱ्याने माझ्याच नाकात गेली आणि मी ऑफिसात दिवसभर शिंकत बसले. शेवटी कपड्यांच्या निळीचं पाणी बाटल्यांत भरून त्यांची एक रांगच मांडली. आमच्याकडे गल्लोगल्ली दारापुढे अशा बाटल्या असतात, निळं पाणी बघून कुत्री-मांजरं फिरकत नाहीत म्हणतात. ऊन त्या बाटल्यांतून गेलं की मातीवर निळे डाग हलत राहायचे. दिसायला ते फार सुंदर होतं. तिरंगी लेक त्या निळ्या डागांवर पंजे मारत खेळायची आणि खेळून झालं की तिथेच बसायची.

शेजारणीकडे मी किती वेळा गेले असेन. ती उंबऱ्यातच कमरेवर हात ठेवून ऐकून घ्यायची. मांजराला मी डायपर लावू का, असं एकदा विचारलंन. मी म्हटलं, लाव, तू नर्स आहेस, तुला जमेल. त्यावर ती इतकी हसली की माझं भांडण अर्ध्यातच राहिलं.

आमच्या घरातला आणखी एक रिवाज इथे सांगायला हवा. आईचा दंडक होता की मासळी धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडांना घालायचं. गावी माडांच्या मुळाशी मासळीची कुटी, म्हणजे सुक्या मासळीचा चुरा, घालतात, त्यातलंच हे. बुधवार, शुक्रवार, रविवार म्हणजे आमचे मासळीचे वार. पावसाळ्यात ताजी मिळाली नाही तर सुके बांगडे, बोंबील, सोडे. मी मासे धुवायचे, ते पाणी एका पोचे आलेल्या टोपात भरून मागच्या दाराशी ठेवायचे आणि पुढचं काम बाबांचं. आई ते पाणी सगळ्या झाडांना वाटून घालायची. बाबा बऱ्याचदा केळीपर्यंत जायचेच नाहीत, छज्ज्याखालीच टोप पालथा करून मोकळे व्हायचे. म्हातारं माणूस, कंटाळा करत असेल, असं म्हणून मी सोडून द्यायचे.

मग श्रावण लागला. आम्ही श्रावण कडक पाळतो. आदल्या दिवशी भांडी घासून, मासळीचा विळा धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर. पोचे आलेला टोप मागच्या दाराशी उपडा. तिथून थेट गणपती विसर्जन होईपर्यंत घरात मासळीचं नाव नाही. बाबा तर लहानपणापासून पाळत आलेले.

आणि चमत्कार व्हावा तशी मांजरं यायची थांबली. पहिले काही दिवस माझा विश्वास बसेना. रोज उठून बघायचे तर छज्ज्याखालची माती जशीच्या तशी. घाण नाही, वास नाही, पंजाचा ठसा नाही. मी निळ्या बाटल्यांना मनातल्या मनात हात जोडले. ऑफिसात दोघींना उपाय सांगितला. शेजारीण दिसली की मान जरा जास्तच ताठ करून चालायचे. ते दिवस मला फार आवडले. पाऊस झिमझिम पडत राहायचा, अळूच्या पानांवर पाण्याचे थेंब गरगर फिरायचे, आणि आपण एवढंसं राज्य जिंकलं आहे असं काहीतरी माझ्या मनात असायचं.

फक्त ते स्वप्न पडेना. पहाटे जाग यायची, मी कान देऊन पडायचे, तर बाहेर पागोळ्यांचा आवाज आणि बाकी सगळं सुनं. आईच आपल्याला सोडून गेल्यासारखं वाटायचं. या वयात असं वाटतं हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

बाबाही बदलले. आधी उशिरा उठू लागले, मग मागे जाईनासे झाले. खुरपी दाराच्या कोपऱ्यात सुकी पडून होती. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. एका सकाळी त्यांना पाणी हवं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं, ओठ हलवले आणि तो शब्द काही आला नाही. मग बोटाने माठ दाखवला. मी पाणी दिलं, हसले, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. डॉक्टर म्हणाले होते ते आता सुरू झालं, असं मला स्पष्ट दिसत होतं.

त्याच आठवड्यात, रविवारी, शेजारीण मागच्या बाजूने तगरीपाशी आली. मी कपडे वाळत घालत होते. मांजरांवरून काही ऐकवायला आली असेल म्हणून मी तयारीत होते.

"ताई, बाबांची तब्येत बरी आहे ना?" तिने विचारलं.

"का गं?"

"सकाळचा आवाज येत नाही ना त्यांचा."

"कसला आवाज?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "असं काय करतेस? बोलतात ना ते. आमच्या करडीशी."

माझ्या हातात ओली चादर होती, ती तशीच राहिली. मग तिने जे सांगितलं ते मी तगरीच्या अलीकडे उभी राहून ऐकलं. नाइट करून ती पहाटेच घरी येते. घरचे उठायच्या आत मागच्या पायरीवर चहा घेऊन बसते. त्या वेळेला कुंपणापलीकडे बाबा माती हलवत असायचे आणि करडी त्यांच्यासमोर पाय पोटाशी घेऊन बसलेली असायची. बाबा तिला सांगत राहायचे. मध्ये थांबायचे, ती म्याव करायची, मग पुढे सुरू. गिरणीचं सांगायचे, गावच्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, सांगायचे, आईचं तर खूपच. शेजारणीला ती मालवणी अर्धीच कळायची, तरी ती चहा संपला तरी बसून राहायची.

"रात्रभर वॉर्डात नुसतं कण्हणं ऐकलेलं असतं गं," ती म्हणाली. "सकाळी बाबांचं ऐकलं की बरं वाटायचं. मग झोप लागायची मला."

माझाही झोपेचा धागा तोच होता, हे मी तिला सांगितलं नाही. माझ्याबद्दल काही बोलायचे का, एवढंच विचारलं. विचारताना मला भीती वाटली.

"बोलायचे ना. मुलगी मासे चांगले करते, पण मीठ कमी घालते म्हणायचे." तिने तगरीचं एक वाळकं पान काढून टाकलं. "आणि म्हणायचे, बिचारी दमून येते, तिला काय सांगत बसायचं. म्हणून तुला सांगतो, असं करडीला."

मी चादर बादलीत टाकली आणि आत आले.

आत येऊन मागच्या दाराशीच बसले. समोर तो उपडा टोप. शेजारी सुकी खुरपी. पलीकडे छज्ज्याखालची माती, आता वरून घट्ट झालेली, निळ्या बाटल्यांच्या रांगेत अडकलेली. कितीतरी वेळ मी नुसतं बघत होते. त्या कोपऱ्यात काही उगवत नाही, हे बाबांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं. तरी ते रोज तिथलीच माती मऊ करत होते. मासळीचं पाणी केळीला न घालता तिथेच ओतत होते. कंटाळा कसला? त्यांनी पाहुणीसाठी पाट मांडून ठेवला होता. आणि श्रावण लागला तसं पाणी थांबलं, पाण्याबरोबर मांजर थांबलं आणि मांजराबरोबर माझा बाप बोलायचा थांबला. माझ्या बाटल्यांनी काही केलं नव्हतं. सगळं आमच्याच व्रताने केलं होतं.

गणपती जाईपर्यंत थांबायचं म्हटलं तर बरेच दिवस होते, आणि बाबांचा एकेक शब्द जात होता. श्रावणात घरात मासळी आणली असती तर बाबांनीच ताट बाजूला सारलं असतं. मी पुष्कळ विचार केला, आणि विचार करून झाल्यावर हातात तो पोचे आलेला टोप घेऊन शेजारणीच्या दारात गेले. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, बाजारात ताजी मासळी आली होती आणि त्यांच्याकडे श्रावण नसतो. तिच्या ओट्यावर बांगडे होते, ते मला दारातूनच वासावरून कळलं.

"मासे धुतलेलं पाणी टाकू नकोस," मी म्हटलं. "मला दे."

"श्रावणात?"

"घरात नेत नाही. कुंपणावरून घेईन आणि तिथल्या तिथे ओतीन."

ती इतका वेळ हसली की बांगडे हातात धरून तिला स्टुलावर बसावं लागलं. मग हसणं थांबवून तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिला सगळं कळलं असावं, कारण पुढचं तिने थट्टेने विचारलं तरी तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "आणि मांजरं आली की माझ्याशी भांडायला कोण येणार?"

"कुणी नाही येणार," मी म्हटलं.

तिने तगरीवरून टोप भरून दिला. मी बाटल्या उचलून निळं पाणी भिंतीकडेला ओतून टाकलं. खुरपी घेऊन उकिडवी बसले आणि बाबा करायचे तशी माती हलवली. सोपं नाही ते. गुडघे बोलायला लागतात. माती मनासारखी मऊ झाल्यावर तिच्यावर बांगड्यांचं पाणी ओतलं, मग डोक्यावरून अंघोळ केली. खुरपीशेजारी रबरी चपला आणि हातमोजे नेऊन ठेवले. संध्याकाळी बाबा खाटेवर बसले होते. मागच्या दारातून वारा आला तसं त्यांनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं आणि हवा हुंगली. मग माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत होते आणि मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे काहीच झालं नाही. मी पडून वाट बघितली, पागोळ्या ऐकल्या, उजाडलं. मांजर आलं नाही आणि बाबाही उठले नाहीत. मी ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही. संध्याकाळी शेजारणीने न मागता पुन्हा टोप भरून कुंपणावर ठेवला होता. या वेळी सुक्या बोंबलांचं पाणी होतं. खास तेवढ्यासाठी तिने बोंबील भिजत घातले असणार, कारण तिच्या घरात बोंबील कुणी खात नाही.

त्या रात्री पाऊस थांबला. पहाटे मला जाग आली तेव्हा खिडकीत फिकट उजेड होता आणि तिवरांचा वास आला होता. बाबांची खाट करकरली. पावलं फरशीवर घासत मागच्या दाराकडे गेली, तिथे चपला वाजल्या. कडी निघाली. मग बराच वेळ खुरपीचा आवाज, खर्र, खर्र, थोडं थांबून परत खर्र. मी श्वास रोखून पडून राहिले. वाटत होतं की मी जरा हलले तरी सगळं विस्कटेल.

खुरपी थांबली.

"इलंस?" बाबांचा आवाज आला. घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. "खंय होतंस गो इतके दिस?"

करडीने काहीतरी उत्तर दिलं. बाबा शब्द शोधत होते, मला ते भिंतीआडून जाणवत होतं, आणि मी इकडे मुठी आवळून त्यांच्यासाठी शोधत होते. मग ते सापडले. "आयकलंस गो?" म्हणाले आणि सुरू झाले. आधी अडखळत, मग सरळ, मग मला लहानपणापासून पाठ असलेल्या त्या चालीवर. माझे डोळे वाहायला लागले ते मी वाहू दिले.

करडीला राहवलं नसावं. ती एकदम मोठ्याने ओरडली.

"हळू," बाबा म्हणाले. "चेडू झोपलाहा."

मी कानावरची चादर बाजूला केली आणि डोळे मिटून ऐकत पडून राहिले.